ऐनातला दुसरा खिळा

चांगोच्या बांधावरचं ऐनाचं झाड शेंड्याकडून वाळायला लागलं, तेव्हा घरात बरं वाटलं ते एकट्या बुधाजीला. बुधाजी हा चांगोचा मुलगा. रसायनीच्या एका कारखान्यात तो लागला होता, आणि लग्नाआधी घराला नवी दारं आणि वर फळ्यांचा माळा करायचं त्याच्या मनात होतं. कळंबच्या आसपास एवढा सरळ आणि एवढा जाड ऐन दुसरा नव्हता. बाकीच्यांचे ऐन दर वर्षी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, खुडले जात. फांद्या तोडून तोडून त्यांची खोडं गाठाळ आणि वेडीवाकडी झालेली असत. या ऐनाला मात्र वीस-बावीस वर्षांत कोणी कोयता लावला नव्हता, कारण त्याच्या मुळीत भगताने ठोकलेला खिळा होता.

तो खिळा बुधाजीच्या नावाचा होता. तापाची साथ आली त्या वर्षी बुधाजी पाच वर्षांचा होता आणि त्याची धाकटी बहीण मंगळी तीन वर्षांची. दोघंही एकाच घोंगडीवर पडून होती. चांगोने कोंडाण्याच्या लेण्यांवरच्या वाडीतून धाऊ भगताला आणलं. धाऊने बुधाजीच्या अंगावरून दोरा उतरवला, लोहाराकडच्या खिळ्याला गुंडाळला आणि बांधावरच्या ऐनाच्या मुळीत अगदी मातीलगत ठोकला. ताप झाडाला खिळला, असं तो म्हणाला. पोरीचं अंग तितकं तापलेलं नव्हतं. तिचं पुढल्या खेपेला बघू, झाडही दुसरं बघू, एका झाडाला एकच, असं सांगून तो डोंगर चढून गेला.

बुधाजी उठून बसला. मंगळीचा ताप मात्र चढत गेला. चार दिवसांनी पहाटे चांगो पुन्हा भगताला आणायला गेला आणि दुपार कलल्यावर एकटाच परत आला. तोवर सगळं आटोपलं होतं.

अंबूबाईने, त्याच्या बायकोने, त्या दिवशी त्याला एवढंच विचारलं, "भगत कुठं हाय?"

"नाय भेटला. घाटावर गेलाय."

"मंग इतका येळ?"

यावर चांगोने काही उत्तर दिलं नाही, आणि ते उत्तर त्याने पुढेही कधी दिलं नाही. अंबूबाईने ते स्वतःच तयार केलं. पोरासाठी हा माणूस धावत गेला आणि धावत आला. पोरीसाठी गेला तो कुठेतरी सावलीला बसून राहिला. भांडणात, सणासुदीला, कुणाच्या मुलीच्या लग्नाहून परतताना ती हे बोलून दाखवी. "पोरगी व्हती ना. पाय कशाला उचलतील?" चांगो ऐकून घेई. शेजारपाजारच्यांना वाटे, हा माणूस फार सोशीक आहे. सोशीकपणा होता की नाही, मला सांगता येत नाही. मला वाटतं, खरं सांगण्यापेक्षा हे ऐकणं त्याला सोपं जात होतं.

खरं असं होतं. धाऊ भगत वाडीवर नव्हता, घाटावर पाहुण्यांकडे लग्नाला गेला होता. त्याला दाखवायला म्हणून चांगोने मंगळीच्या झग्याची चिंधी नेली होती. ती मुठीत तशीच राहिली. परत येताना बांधावर तो ऐनापाशी थांबला. बाजूला मोडकी बैलगाडी पडलेली होती. तिच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीचा, धावेचा, एक खिळा त्याने हिसडून काढला, चिंधी त्याला गुंडाळली आणि धाऊ जे पुटपुटला होता त्यातलं आठवेल तेवढं पुटपुटत, छातीच्या उंचीवर, दगडाने तो खिळा झाडात ठोकला. एका झाडाला एकच, हे त्याला आठवत होतं. पण या झाडाने एक ताप घेतला आहे, दुसराही घेईल, असं त्याला वाटलं. मग तो घरी आला, तर अंगणात बायका बसलेल्या होत्या.

तेव्हापासून तो एकच गोष्ट मनाशी धरून होता. आपण भगत नव्हे. एकाच झाडात दुसरा खिळा मारला. ताप खिळायचा तो पोरीचा श्वास खिळला. मंगळी तापाने गेली नाही, आपल्या हाताने गेली.

म्हणून बुधाजी झाड तोडायचं म्हणाला, तेव्हा चांगोने पुष्कळ आढेवेढे घेतले. अंबूबाईचीही एक अट होती, पण ती वेगळी. बुंधा जमिनीत तसाच राहू द्यायचा, मुळीला कुऱ्हाड लावायची नाही. "माझं पोर त्या खिळ्यावर हाय," ती म्हणाली. बुधाजी हसला आणि कबूल झाला. झाड गुडघ्याएवढा बुंधा सोडून तोडलं गेलं. बापाला मात्र कुठलीच अट सांगता आली नाही.

चांगोला आपला खिळा शोधायचा होता. आडवं पडलेलं खोड त्याने दोन दिवस हाताने चाचपलं. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी, भेगाळ आणि काळी. त्यात काही दिसेना. आणि तो शोधत होता ते चुकीच्या जागी. झाड वाढलं म्हणजे खिळाही वर गेला असणार, असा त्याचा हिशेब होता. बुधाजीच्या भुवईवरची लहानपणची खोक पूर्वी चांगोच्या मांडीशी यायची, आता ती त्याच्या डोळ्यांसमोर येत होती. माणसाचं होतं तसंच झाडाचं होणार. त्याच्या हिशेबाने खिळा आता खोडाच्या वरच्या भागात असायला हवा होता.

लाकूड चिरायला खालापूरकडून भिवाजी आणि गजा आले. खोड कर्जतच्या वखारीत न्यायचं म्हटलं तरी बांधावरून गाडी निघणं कठीण होतं, शिवाय वखारीत नेलेलं सगळं लाकूड परत येतं असा कोणाचाच अनुभव नव्हता. त्यामुळे चिरायचं ते घरीच, खळ्यावर. भाताची झोडणी होऊन खळं मोकळं झालं होतं. खोडाचे दोन ओंडके केले, बैल लावून ते ओढत आणले. भिवाजी पन्नाशीचा, कमी बोलणारा. तो वर उभा राही आणि करवत रेषेवर ठेवी. गजा त्याचा मेहुणा. तो खाली उभा राहून ओढी, आणि त्याच्या तोंडावर दिवसभर भुसा पडे. पण त्याचं बोलणं थांबत नसे.

"वरचा ओंडका ऱ्हाऊ द्या," चांगो म्हणाला. "तो सरपणाला."

भिवाजीने ओंडक्यावर हात फिरवला. "दादा, निम्मा माळा ह्यात हाय तुमचा. ह्यो चुलीत घालता?"

"आतनं पोकळ असंल."

भिवाजीने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला.

"पोकळ हाय ते आमच्या दाजींचं पोट," गजा म्हणाला. "सकाळच्यान भाकर नाय. लाकडाला कशाला नावं ठेवता?"

बुधाजीला त्या दिवशी सुट्टी होती. तो म्हणाला, "आबा, शेंडा वाळलाय, खोड नाय. येडं काय बोलता?"

चांगोने मग फार ताणलं नाही. आधी खालचा चिरा, वरच्याचं मागनं बघू, असं ठरलं. खालचा ओंडका निर्धास्त होता, निदान त्याच्या हिशेबाने. एकदा फळ्या भरपूर निघाल्या म्हणजे वरचा ओंडका आपण कसाही लांबणीवर टाकू, रात्रंदिवस पेटवून संपवू, असं त्याच्या मनात होतं. अंबूबाईला काही कळता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं.

दोन डांब उभे करून त्यांवर आडवा वासा बांधला आणि ओंडका तिरका चढवला. कोळशाच्या पाण्यात सूत भिजवून भिवाजीने ते ताणलं, मध्ये चिमटीत धरून सोडलं, आणि सालीखालच्या पिवळट लाकडावर काळी सरळ रेघ उमटली. अशा रेघा त्याने ओळीने मारल्या. मग तो वर चढला, गजाने डोक्याला फडकं गुंडाळलं, आणि करवत सुरू झाली. ऐन वाळलेला, दगडासारखा. हात हात कापायला घटका लागत होती.

"दाजी, जरा दाबा की. खाली मी म्हातारा झालो."

"तू तोंड मिट. भुसा जाईल."

"तोंडात भुसा गेला तर पोट तरी भरंल."

अंबूबाईला हसू आलं. ती आणि तिची जाऊ सोनुबाई खळ्याच्या कडेला चहाचं बघत होत्या. सोनुबाई ही चांगोच्या थोरल्या भावाची विधवा. तिला मूलबाळ नव्हतं आणि ती भिंतीपलीकडच्या दोन खणांत राहत होती. एके काळी या दोघींत बांधावरून बोलचाल बंद होती, पण आता वर्षानुवर्षं त्या एकाच चुलीवर चहा करत होत्या.

पहिली फळी दुपारपर्यंत सुटली. तांबूस, गुळगुळीत, एकही गाठ नसलेली. बुधाजीने ती उभी धरून पाहिली आणि दारासाठी हीच, असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन निघाल्या. चांगो येऊन जाऊन बघत होता, आणि प्रत्येक फळी सुटली की त्याचा चेहरा थोडा सैल होत होता. त्याने गजाला पानसुद्धा दिलं.

चौथ्या चिरेत गजा खालून म्हणाला, "दाजी, भुसा काळा येतोय."

"कसा काळा?"

"शाईवानी. निळा-काळा."

भिवाजीने करवत थांबवायला हवी होती. पण हात एकदा लयीत आला म्हणजे लगेच थांबत नाही. आणखी एक ओढ झाली, आणि खळ्यावर असा आवाज झाला की बैलाने मान वर केली. भिवाजी खाली उतरला. करवतीचे चार दात गेले होते.

"खिळा हाय," तो म्हणाला.

"खिळा खाली बुंध्यात हाय," अंबूबाई तिथूनच म्हणाली. "तो आमाला म्हाईत हाय. तिथं कुनी हात लावला नाय."

"वयनी, मी काय लाकूड आज चिरतोय? ह्यात लोखंड हाय."

त्याने चिरेत पाचर मारली. पाचर बसत गेली तसं लाकूड करकरलं आणि फळी अर्ध्यापासून उघडली. आत निळ्या-काळ्या डागाच्या मधोमध, बोटाएवढा, गंजून फुगलेला खिळा होता. त्याच्या डोक्याखाली काहीतरी चेपून बसलेलं होतं, कापड असावं असं. छातीच्या उंचीवर मारला होता, तो छातीच्या उंचीवरच राहिला होता. झाड त्याच्याभोवती वाढलं होतं, त्याला घेऊन वर गेलं नव्हतं.

चांगो खळ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला, धरून उभा राहिला.

अंबूबाई जवळ आली. तिने वाकून पाहिलं, डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "करणी हाय ही."

"आये, काय तरीच," बुधाजी म्हणाला.

"तू गप रं. एका झाडाला एकच, आसं धाऊ बोलला व्हता. ह्ये ज्याला ठाऊक व्हतं त्यानंच दुसरा मारला. माझ्या मंगळीचा घात केला ह्या खिळ्यानं." ती वळली. "आनि ह्ये ठाऊक व्हतं ते ह्या घरातल्या मानसालाच."

सोनुबाईच्या हातात चहाची किटली होती. आपल्याकडे बघून बोलणं चाललंय हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"तुमाला माझी दोन पोरं बगवली नायत," अंबूबाई म्हणाली. "तवा आपली बोलचाल बी बंद व्हती. दुसरं कोन जानार व्हतं त्या झाडाकडं?"

सोनुबाईने किटली खाली ठेवली. ती भांडखोर बाई नव्हती. "अंबू," ती म्हणाली, "तुझी पोरगी मी धुतलीय गं. ह्या हातांनी."

"धुवायला आलात तुमी. बगायला आलात, झालं का ते."

भिवाजीने गजाला डोळ्यांनी खुणावलं, आणि दोघे बाजूला सरकले. सोनुबाईने पदर सावरला आणि ती आपल्या दाराकडे चालायला लागली. तिच्या चालण्यात घाई नव्हती. ती दाराशी पोचून आत गेली असती तर ते दार या घराला पुन्हा उघडलं नसतं, हे खळ्यावरच्या सगळ्यांना कळत होतं.

"वयनी, थांबा," चांगो म्हणाला.

ती थांबली.

"खिळा माझा हाय."

अंबूबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, हा भावजयीला पाठीशी घालतोय. "तुमचा कसला?"

"मी मारला. त्या दिशी. धाऊ नाय भेटला म्हनून. तिच्या झग्याची चिंधी व्हती माझ्याकडं, ती गुंडाळली. गाडीचा खिळा हाय तो, धावेचा. बघा, डोकं चपटं हाय." तो एकेक शब्द खाली टाकल्यासारखा बोलत होता. "मला येत नव्हतं ते. एका झाडाला एकच, ते बी म्हाईत व्हतं. तरी मारला. घरी आलो तर ती गेलेली. मी मारली तिला, अंबू. ताप नाय."

बुधाजीने बापाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो पुढे झाला आणि मागे आला.

अंबूबाईने विचारलं, "कवा मारला?"

"येताना."

"म्हंजी दुपारी."

"सूर्य डोक्यावरनं गेला व्हता."

अंबूबाई खाली बसली, भुशातच. "तुमी पहाटंला निघालात," ती म्हणाली. "तुमी ओहोळाच्या पल्याड गेला नसाल, तवाच ती गेली. दिवस बी नीट उगवला नव्हता. माझ्या मांडीवर व्हती. पानी मागितलं, मी वाटी घेतली, तोवर..." तिने सोनुबाईकडे मान वळवली. आत्ताच जिच्यावर आळ घेतला तिलाच साक्षीला बोलावत होती, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. "ह्यांना इचारा. ह्या व्हत्या."

सोनुबाई थांबली होती तिथेच उभी होती. "व्हय भाऊजी," ती म्हणाली. "तुमी कोंडान्याला पोचला बी नसाल तवा."

"मला कुनी सांगितलं नाय."

"तुमी इचारलं नाय. आलात ते भिंतीकडं तोंड करून बसलात. ही बी बोलंना. मला वाटलं, सांगितलं असंल हिनं मागनं."

चांगो मेढीला टेकून हळूहळू खाली बसला. एवढ्या वर्षांत ज्या गोष्टीने त्याला झोप दिली नव्हती ती घडलीच नव्हती. त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दुपारच्या उन्हात, दगडाने, घाम पुसत, आठवतील ते शब्द म्हणत त्याने जो खिळा ठोकला, तो मेलेल्या पोरीसाठी ठोकला होता. तो ठोकत होता तेव्हा बायका तिला आंघोळ घालत होत्या. आता त्याला तेवढंच दिसत होतं.

बुधाजी हळूच म्हणाला, "आबा, मला तरी त्या खिळ्यानं कुठं वाचवलं? माझा ताप उतरला. तिचा नाय उतरला."

या वेळी अंबूबाईने त्याला गप्प केलं नाही.

भिवाजीने पिशवीतून कानस काढली आणि खळ्याच्या कोपऱ्यात बसून करवतीचे दात घासायला घेतले. गजा शेजारी बसला. सोनुबाई परत आली, किटली उचलली, चहा निवला होता तो पुन्हा चुलीवर ठेवला. अंबूबाईने तिची माफी मागितली नाही. तिला ते जमलं नसतं, आणि सोनुबाईनेही वाट पाहिली नाही. तिने दोन कप भरले, एक अंबूबाईपुढे ठेवला, एक चांगोपुढे.

बऱ्याच वेळाने अंबूबाईने विचारलं, "कुठनं गेला व्हता?"

"कशाला?"

"त्या दिशी. कुठनं गेला?"

चांगोने सांगितलं. ओहोळातून, मग कोंडाण्याच्या पायवाटेने, लेण्यांच्या खालून, तिथून वाडीवर. वाडीत एक म्हातारी होती, तिने धाऊ घाटावर गेल्याचं सांगितलं. खरं वाटेना म्हणून तो प्रत्येक झोपडीत डोकावला. मग घाटाच्या वाटेने अर्धा डोंगर चढला, कदाचित धाऊ उतरत असेल म्हणून. तिथे हाका मारल्या. मग परत फिरला.

"काय खाल्लं व्हतं?"

"काय नाय."

"मी तुमाला भाकर बी इचारली नाय त्या दिशी."

"त्या दिशी कोन इचारतं?"

ती भुशावर बोटाने रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "तिला तो तांबडा गोऱ्हा लय आवडायचा. तिनं त्याला नाव ठेवलं व्हतं एक. काय व्हतं वो?"

चांगोने आठवून पाहिलं. गोऱ्हा आठवत होता, त्याच्या कपाळावरचा ठिपका आठवत होता. मंगळी त्याच्या गळ्याला मिठी मारायला जायची, तेही आठवत होतं. नाव आठवेना.

"सोनुबाय, तुमाला?" अंबूबाईने विचारलं.

सोनुबाईने मान हलवली. बुधाजीला तर बहिणीचा चेहराही आठवत नव्हता, त्याला कोणी विचारलं नाही.

घरात मंगळीचं नाव निघायचं ते त्या एका दिवसासाठीच. भांडणात तो दिवस यायचा, आणि तोच पुन्हा पुन्हा आल्यामुळे त्याच्या आधीचे तिचे सगळे दिवस कधी कोणी काढलेच नव्हते. आता ते काढायला गेले तर हाताला फारसं काही लागत नव्हतं. अंबूबाईने दोन-चार नावं घेऊन पाहिली, ढवळ्या, चांद्या, मोत्या. प्रत्येक वेळी चांगो म्हणाला, "नाय, ते नाय."

कोपऱ्यात कानस दातांवरून फिरत होती. दोघे चहा तसाच समोर ठेवून बसून होते, आणि मधूनच एखादं नाव उच्चारून पाहत होते.